रखमाजीबाबांचे गुरुवार

राजूर, ता. भोकरदन
११ फेब्रुवारी २०२४

सत्यशीलाताई,

जय भीम, जय हिंद.

फोन तुम्ही उचलत न्हाई. प्रियाच्या नंबरवर लावला, तर ती म्हणाली, "आई झोपलीय." दुपारच्या बाराला तुम्ही झोपणाऱ्या न्हाई, हे मला ठाऊक आहे. मंग आमची कारभारीण दुर्गा म्हणाली, "बाईंना पत्र टाका. मास्तरीन हायेत त्या, लिहिलेलं समोर आलं की वाचल्याबिगर ऱ्हानार न्हाईत." म्हणून लिहून राह्यलो. लाल पेन काढलं तरी चालेल, पण वाचा.

रणगाडा मंजूर झाला. आर्मीच्या साहेबांचा फोन आल्ता. बाद केलेला आहे, इंजिन काढलेलं, पण मॉडेल तेच, जे मी चौदा वर्षं चालवलं. साहेबांनी विचारलं, "हवालदारसाहब, म्यूझियम चलाता कौन है?" मी म्हणालो, "साब, तीन जण. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या रिटायर्ड शिक्षिका सत्यशीलाताई, जुन्या जालन्यातले कापडवाले राधेश्यामशेठ आणि मी. पगार कोणाला न्हाई. सोसायटीचं जुनं गोदाम ग्रामपंचायतीनं दिलंय, तिथं जिल्ह्यातल्या जवानांचे फोटो, कपडे, पत्रं, मेडल ठेवलीत." साहेब म्हणाले, "बहुत अच्छा." तुमचं नाव मी पहिलं सांगितलं, हे लक्षात घ्या.

रणगाडा फुकट आहे. पुण्याकडच्या डेपोतून आणायचा खर्चा मात्र आपला. राधेश्यामशेठनं तोंड वाकडं केलं, पण बराबर हिशेब लावला. छपरासाठी जमवलेले पैसे आत्ता वापरायचे, बाकीचे तातेराव ठेकेदार देतो म्हणालेत. छपराचं मागाहून बघू.

तुम्हाला हे पटणार न्हाई. मीटिंगीत तुम्ही म्हणाल्यात तेच म्हणाल, आधी छप्पर, आधी म्हाताऱ्यांचं बोलणं रेकॉर्ड करणं, लोखंड काय पळून चाललंय का. त्यावर मी जे बोललो ते रागात बोललो. "बाई, तुम्ही शाळा केली, फौज आम्ही केली," असं म्हणालो. त्यात एवढं कागद आवरून उठून जाण्यासारखं काय होतं, हे मला अजून बिलकुल कळलेलं न्हाई. आठवडाभरात तुम्ही नागपूरला लेकीकडं निघून गेलात. दुर्गाला सांगितलं, मला न्हाई.

रखमाजीबाबांची काळजी करू नका. तुमचा निरोप दुर्गानं दिला. दर गुरुवारी भोकरदनला त्यांच्याकडं जायचं, मोबाईल समोर ठेवायचा, मध्ये बोलायचं न्हाई. एकाहत्तरच्या लढाईत गिरिजाबाईंचा मालक सोमेश्वर बेपत्ता झाला, त्याचं प्रेतसुद्धा मिळालं न्हाई, आणि शेवटी त्याचं काय झालं ते त्याच तुकडीतल्या रखमाजीबाबांनाच माहीत आहे, हे मला वेगळं सांगायला नको. इतकी वर्षं मुके राह्यलेला माणूस तुमच्याजवळ बोलता झाला, ही मोठी गोष्ट आहे. भरतीपासून सुरू करून ते सरहद्दीपर्यंत आलेत, आता थोडंच राह्यलंय, असा तुमचा निरोप. पुढचं मी बघतो.

गुरुवार म्हणजे गुरुवार. फौजी शब्द आहे.

कारभारी


राजूर
२८ मे २०२४

सत्यशीलाताई,

आला! परवा रविवारी आला.

तुम्ही पाह्यला पाहिजे होता. जालन्यातून ट्रेलर निघाला तेव्हापासून मी पुढं मोटारसायकलवर. रस्त्यात जिथं तारा खाली आल्या होत्या तिथं वायरमन लोकांनी लाईट बंद करून बांबूनं तारा उचलून धरल्या. राजूरच्या वळणावर ट्रेलर अडकला, तर अर्धं गाव जमा. स्टीलच्या कारखान्यातून क्रेन मागवली होती, तिनं उचलून गोदामासमोर ओट्यावर ठेवला. ओट्यावर टेकताना असा आवाज झाला की देवळाच्या शिखरावरचे पारवे उडाले. बायांनी हळदकुंकू लावलं. कोणीतरी तोफेच्या नळीला हार घातला. तातेरावांनी नारळ फोडला. आचारसंहिता असल्यामुळं त्यांचा बॅनर लावता आला न्हाई, त्याचं त्यांना लई वाईट वाटलं. निकाल लागला की लावतो म्हणाले.

झाकण वेल्डिंग करून बंद करायचं असतं, न्हाईतर पोरं आत अडकतात. वेल्डरला मी म्हणालो, "दोन मिनिटं थांब राजा." आणि आत उतरलो. ड्रायव्हरच्या जागी बसलो. पोट सुटलंय, गुडघे वाकत न्हाईत, तरी बसलो. आत तसाच वास होता, ग्रीसचा आणि तापलेल्या रंगाचा. डोळ्यांत धूळ गेली म्हणून बराच वेळ वर आलो न्हाई. राधेश्यामशेठ वरून ओरडून राह्यले, "हवालदार, बाहेर या, नाहीतर तुम्हालाच प्रदर्शनात ठेवतो!"

ताई, बाविसाव्या वर्षी हे यंत्र माझ्या हातात दिलं होतं सरकारनं. ढेकळातून आलेल्या पोराच्या. तुम्ही म्हणता लोखंड. मला ते लोखंड वाटत न्हाई, काय करू.

पेपरात फोटो आला. कात्रण सोबत जोडलंय.

रखमाजीबाबांकडं जाऊन आलो. सुरुवातीला जमलं न्हाई, ट्रेलरच्या मागं होतो. तब्येत बरी आहे, थोडा दम लागतो. खेचरांच्या गोष्टी सांगून राह्यले. कोणतं खेचर लाथ मारायचं, कोणाला गूळ लागायचा. विशेष काही न्हाई. पुढच्या वेळी मुद्द्यावर आणतो.

छपराचं पावसाच्या आत करून टाकू. पत्रे बघून ठेवलेत.

कारभारी


राजूर
२७ जून २०२४

सत्यशीलाताई,

परवा अंगारकी झाली. यंदा गर्दी केवढी म्हणून सांगू! जालन्याकडून, सिल्लोडकडून, बुलढाण्याकडून माणसं. दर्शनाची रांग पार आपल्या गोदामापर्यंत आल्ती. रणगाड्यापुढं तर दिवसभर जत्रा. नळीला लोंबकळून फोटो, नव्या नवरा-नवरीचा फोटो, लेकराला वर बसवून फोटो. तातेरावांचा बॅनर आता लागलाय, रणगाड्यापेक्षा लांब आहे.

आत किती जण आले असं तुम्ही विचाराल, म्हणून आधीच सांगतो. लई न्हाई. एक बाई आल्या, त्यांना मोरी कुठं आहे ते विचारायचं होतं. एक मास्तर आल्ते, त्यांनी पत्रं मन लावून वाचली आणि विचारलं, "ही मांडणी कोणी केली?" मी तुमचं नाव सांगितलं.

बाहेर मी स्वतः माहिती देतो. लोकांना आवडतं. एका पोरानं विचारलं, "काका, लढाईत तुम्ही हाच चालवला का?" आजूबाजूला माणसं होती. मी "हो" म्हणालो. तेवढ्याशा गोष्टीसाठी काय लांबड लावायची.

पाऊस चांगला झाला. गोदामात थोडं गळतं. फोटो कोरड्या भिंतीवर आहेत, कपडे आम्ही आमच्या घरी आणून ठेवलेत, दुर्गा कुरकुर करते पण जागा दिली तिनं. तुमच्या वडिलांचा महार रेजिमेंटचा लोकरी कोट, त्यांचा पट्टा, सगळं सुरक्षित आहे. काळजी नसावी.

राधेश्यामशेठ माझ्याशी धड बोलत न्हाईत. ते म्हणतात, छपरासाठी ज्या बायांनी पेन्शनीतून दिले, त्यांना काय सांगायचं? मी म्हणालो, रणगाडा दाखवा. ते म्हणाले, "हवालदार, रणगाड्याखाली पावसात उभं राहता येतं का?" जुन्या जालन्यात त्यांच्या दुकानात बसून मी चहा घेतला आणि परत आलो. 

आज गुरुवार, पण अंगारकीला आलेले पाहुणे अजून घरात आहेत. पुढच्या गुरुवारी रखमाजीबाबांकडं नक्की.

तुमचं पत्र आलं असतं तर बरं वाटलं असतं.

कारभारी


राजूर
९ ऑगस्ट २०२४

ताई,

रखमाजीबाबा गेले.

सोमवारी गेले. त्यांच्या सुनेनं फोन केला. छातीत पाणी झालं होतं, जालन्याला दवाखान्यात नेलं, तिथं दोन रात्री काढल्या. मी मातीला गेल्तो. तिरंगा घेऊन गेलो, राधेश्यामशेठही आल्ते. गिरिजाबाई होत्या. बायांच्या घोळक्यात बसल्या होत्या, रडत नव्हत्या. माझ्याकडं बघत होत्या.

आता जे लिहितो ते वाचून तुम्ही पत्र फाडलंत तरी मला काही म्हणायचं न्हाई.

मी एकदाच गेल्तो. मे महिन्यात, रणगाडा यायच्या तीन दिवस आधी. त्यांनी माझी वाट पाह्यली होती. सुनेनं सांगितलं, दर गुरुवारी सकाळी दाढी करून, धुतलेली टोपी घालून ओट्यावर बसायचे. बाई गेल्या, पण बाईनं माणूस पाठवते म्हणून सांगितलंय, असं म्हणायचे. किती गुरुवार ते असे बसले, ते मी मोजत न्हाई. मोजायची हिंमत न्हाई.

मी गेलो तर हसले. म्हणाले, "आलास का फौजी. बाईनं तुला मधी बोलू नको म्हनून सांगितलंय ना?" मी मोबाईल समोर ठेवला. मंग खेचरं सुरू झाली. मला ट्रेलरची घाई. मी दोनदा घड्याळात पाह्यलं, ते त्यांनी बघितलं. खेचर मेलं तिथपर्यंत आले. दारूगोळा वाहणारं खेचर मेलं म्हणून पेट्या पाठीवर घेऊन ते दोघं निघाले, रखमाजीबाबा आणि सोमेश्वर. ताई, खेचरांच्या गोष्टी म्हणजे फालतू गोष्टी न्हाईत, ते तिकडंच चालले होते, हे मला तेव्हा कळलं न्हाई. ते म्हणाले, "अंधार लई व्हता. मी त्याला म्हनालो, तू हितंच थांब, मी..."

आणि माझा फोन वाजला. रेकॉर्डिंग त्याच फोनवर चालू होतं. ट्रेलरवाला होता. मी म्हणालो, "एक मिनिट बाबा," आणि बाहेर अंगणात गेलो. डेपोच्या गेटपासचं बोलणं होतं, लांबलं. परत आलो तर ते भिंतीकडं तोंड करून पडले होते. मी म्हणालो, "बाबा, पुढं?" ते म्हणाले, "पुढच्या येळी. तू घाईत हायेस." मला खरं सांगायचं तर बरंच वाटलं. मी निघालो.

तुम्हाला लिहिलं, विशेष काही न्हाई.

मी चौदा वर्षं रणगाडा चालवला, पण लढाई मी पाह्यलेली न्हाई ताई. तुम्हाला माहीत आहे, गावाला न्हाई. सरावाच्या मैदानावर मातीच्या ढिगाऱ्यांवर गोळे टाकले. खरी लढाई बघितलेला माणूस समोर बसला की मला आतून कसंतरी व्हायचं. तो बोलायला लागला की मी लहान व्हायचो. म्हणून जाणं टळत गेलं की काय, असं आता वाटतं. नुसतं ट्रेलरवर ढकलून मोकळं होता येत न्हाई.

आणखी एक. तुमच्या वडिलांचा कोट सुरक्षित न्हाई. पहिल्याच मोठ्या पावसात पत्र्यातून धार लागली ती नेमकी त्यावर. दुर्गानं उन्हात वाळवला, ब्रशनं साफ केला, पण उजव्या बाजूला बुरशीनं लोकर खाल्लीय. मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं.

कारभारी


राजूर
१५ सप्टेंबर २०२४

ताई,

तुमचं उत्तर न्हाई, आणि मी आता ते मागत पण न्हाई. पण सांगायला दुसरं कोणी न्हाई. दुर्गाला सांगितलं तर ती म्हणाली, "हे बाईंना कळवा."

गणपती बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी गिरिजाबाई आल्या. एसटीनं एकट्या. मी रणगाड्याजवळ खुर्ची टाकून बसलो होतो. त्यांनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा न्हाई, थेट आत गेल्या, सोमेश्वरच्या फोटोपुढं उभ्या राह्यल्या. भरतीच्या वेळचा तो फोटो, मानेपेक्षा कॉलर मोठी. मंग मला म्हणाल्या, "कारभारी, रखमाजी तुमच्याजवळ बोलला म्हंत्यात. काय म्हनाला?"

म्हातारी बाई. बहात्तर-त्र्याहत्तरची. एवढ्या लांबून, हातात पिशवी, पिशवीत माझ्यासाठी शेंगा आणलेल्या. मला खरं बोलवेना. मी बाहेर लोकांना माहिती देतो त्याच आवाजात बोलायला लागलो. म्हणालो, "आजी, सोमेश्वर वाघासारखा लढला. शत्रूचा रणगाडा समोर होता. साहेब म्हणाले मागं फिरा, हा फिरला न्हाई. भारतमाता की जय म्हणाला, छातीत गोळी लागली, एका क्षणात गेला. त्रास झाला न्हाई."

सगळं माझ्या मनातलं, ताई. एकेक शब्द. बोलताना मला स्वतःला खरं वाटून राह्यलं होतं.

त्या ऐकत होत्या. पदर तोंडाला लावला, मला वाटलं रडतील. रडल्या न्हाईत. म्हणाल्या, "हे रखमाजी म्हनाला?"

"हो."

"न्हाई म्हनाला." अगदी शांत आवाजात. "हा दुसराच कोनी मानूस हाय. माझा मालक असा नव्हता. सुतळी बॉम्ब लावला तर कानात बोटं घालून घरात पळायचा. मागं फिर म्हनलं असतं तर सगळ्याच्या आधी फिरला असता. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, पन त्याला दुसऱ्याचे कपडे घालू नका."

मी मान खाली घातली. तेव्हा त्यांनी सांगितलं ते ऐका. लढाई संपल्यावर रखमाजीबाबा त्यांच्याकडं गेल्ते. ओट्यावर बसले, पाणी प्यायले, काही न बोलता उठून आले. दर वर्षी दिवाळीच्या सुमाराला जायचे. बसायचे, पाणी प्यायचे, यायचे. पन्नास वर्षं. त्या कधी विचारत नव्हत्या. म्हणाल्या, "त्याच्या गळ्यापतूर यायचं आन् परत जायचं. मला दिसायचं. गेल्या दिवाळीला आला तर म्हनाला, वहिनी, आता बाईला सांगून राह्यलोय. सगळं सांगून झालं की तुम्ही ऐका. मी म्हनलं, सांग बाबा, हलका हो. मी थांबते."

मी त्यांना खरं सांगितलं, फोन वाजला ते सगळं. त्यांनी विचारलं, "कोनाचा फोन व्हता?" मी बाहेर हात केला.

त्यांनी तेव्हा पहिल्यांदा रणगाड्याकडं पाह्यलं. बराच वेळ पाह्यलं. म्हणाल्या, "केवढा मोठा हाय," आणि शेंगांची पिशवी टेबलावर ठेवून निघाल्या. मी स्टँडपर्यंत सोडतो म्हणालो तर नको म्हणाल्या.

शेंगा अजून तशाच आहेत.

कारभारी


राजूर
८ डिसेंबर २०२४

सत्यशीलाताई,

पार्सल पोचलं. पेन ड्राईव्ह आणि तुमचा जालन्याचा जुना पत्ता खोडून नागपूरचा लिहिलेलं पाकीट. आत चिठ्ठी असेल म्हणून दुर्गानं पाकीट उलटं करून झटकलं. चिठ्ठी नव्हती. ठीक आहे. रखमाजीबाबांचे तुमच्याजवळचे सगळे गुरुवार तुम्ही पाठवलेत, हेच लई झालं. ते माझ्यासाठी पाठवले न्हाईत, कोणासाठी पाठवलेत हे मला समजलं.

राधेश्यामशेठनं दुकानातून लहान स्पीकर आणला. जुन्या जालन्यातल्या चार कापडवाल्यांकडून त्यांनी पत्रे पण मिळवलेत, अर्धं छप्पर झालंय. त्यात माझं काही न्हाई. तातेरावांना विचारलं तर म्हणाले, छपरावर बॅनर दिसत न्हाई हो.

गिरिजाबाईंना मी स्वतः आणायला गेलो. येतील असं वाटलं नव्हतं. त्यांनी काही विचारलं न्हाई, चपला घातल्या. तीन वेळा आल्या, एका वेळी जेवढं ऐकवेल तेवढं ऐकायच्या. छप्पर झालेल्या बाजूला सतरंजी टाकून बसायच्या, स्पीकर मांडीजवळ.

ताई, तुमचा आवाज त्यात जवळजवळ न्हाई. पहिल्यांदा "बोला बाबा" आणि शेवटी "बरं, आता दमलात." मध्ये सगळे तेच. मला तेव्हा समजलं असतं तर! भरतीच्या दिवशी सोमेश्वरची छाती भरेना, तर डॉक्टरपुढं श्वास ओढून धरून तो निळा पडला, हे ऐकून गिरिजाबाई मोठ्यानं हसल्या. मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाह्यलं. रेल्वेत पहिल्यांदा बसल्यावर झाडं पळताना बघून तो रखमाजीबाबांना म्हणाला, "आपन परत येऊस्तर ही सगळी पुढं निघून गेली तर?" ते त्यांनी परत लावायला सांगितलं. घरून आलेला लाडू त्यानं कोणाला दिला न्हाई, उशाशी ठेवून त्याला मुंग्या लागल्या, तेव्हा त्या म्हणाल्या, "मेथीचा व्हता. मीच केल्ता."

तुमचं सगळं संपलं. मंग माझ्या मोबाईलमधलं राह्यलं. मी म्हणालो, "आजी, हे नका ऐकू. त्यात काही न्हाई." त्या म्हणाल्या, "लावा."

लावलं. खेचरं. गूळ. खेचर मेलं. पेट्या पाठीवर. "अंधार लई व्हता. मी त्याला म्हनालो, तू हितंच थांब, मी..." आणि घंटी. माझा आवाज, "एक मिनिट बाबा." आणि संपलं.

त्यांनी विचारलं, "मंग?"

मी म्हणालो, "मंग मी फोन घेतला."

राधेश्यामशेठ उठून बाहेर गेले. गिरिजाबाई सतरंजीचा दोरा ओढत बसल्या होत्या. मंग बोलल्या. त्या जशा बोलल्या तसंच लिहितो, माझं काही मिसळत न्हाई.

"ज्वारीला पानी द्यायची पाळी रातची असली की तो मला संगं न्यायचा. नवी नवरी मी, सतरा वर्साची. गाव म्हनायचं, बायकोला रातंदिस राबवतो. सासू भांडायची त्याच्यासंगं. त्याला अंधाराचं भ्या वाटायचं. मी बांधावर नुसती बसून ऱ्हायचे, कंदील घेऊन. तो दर थोड्या येळानं हाक मारायचा, 'हायेस ना?' मी म्हनायचे, 'हाय.' की परत कामाला लागायचा. हे कोनाला सांगू नको म्हनला व्हता, मी सांगितलं न्हाई. कसा मेला ते मला नको व्हतं कारभारी. मेला तो मेला. लढला का पळाला, त्याचं मला काय करायचंय? मला रखमाजीला येवढंच इचारायचं व्हतं, त्या टायमाला त्याच्याजवळ कोनी व्हतं का."

मी म्हणालो, "मला ठाऊक न्हाई आजी."

"हां," त्या म्हणाल्या. "थांब म्हनला आन् पानी आनाया गेला, का पेटी ठिवाया गेला, का जीव घेऊन गेला. गेला असंल तर त्याचाबी मला राग न्हाई. पन्नास वर्सं ओट्यावर येऊन बसला तो. तेवढं त्याला सांगायचं ऱ्हायलं माझं."

मला वाटत होतं यात नुकसान गिरिजाबाईंचं झालं. तसं न्हाई ताई. रखमाजीबाबांना माफी मिळायची होती, ती पदरात घेऊन बाई तयार बसली होती, आणि मधला माणूस मी होतो.

मी फौजेतला पगार घेतला, पेन्शन घेतो, लोक मला सलाम करतात. तुम्ही शाळा केली. मीटिंगीत मी जे बोललो ते पुन्हा लिहीत न्हाई. तुमच्या वडिलांचा कोट दुर्गानं मलमलीत गुंडाळून पेटीत ठेवलाय. तुम्ही म्हणाल तर नागपूरला आणून देतो, दारातून देऊन परत फिरेन. न्हाई म्हणालात तर इथंच राहील, जसा आहे तसा, बुरशीची बाजू लपवणार न्हाई.

परवा शेवटी असं झालं. मी स्पीकर आवरायला लागलो. बाहेर बोरिवलीकडची एक गाडी येऊन थांबली होती, पोरं विचारत होती की रणगाड्यावर चढू देता का, माहिती कोण सांगतं. मी दारातूनच म्हणालो, आज माहिती न्हाई. परत आत आलो तर गिरिजाबाई अजून सतरंजीवरच. मी म्हणालो, "आजी, तुमची बस निघून जाईल."

त्या म्हणाल्या, "जाऊ द्या. ते झाडं पळतात ते लावा."

लावलं. संपलं की त्या पुन्हा म्हणायच्या, आणि मी पुन्हा लावायचो.

कारभारी